दवाखाना कुणाला विचारून?

दसरा झाला की बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, म्हणजे एकेक ‘कोयता’, ट्रकात नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या ऊसपट्ट्याकडं निघतात. मार्च-एप्रिलमध्ये गाळप हंगाम संपेपर्यंत त्यांचा मुक्काम फडाजवळच्या कोपीत असतो. गावाचं नियोजन नेमकं याच महिन्यांत होतं. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होऊन हिवाळाभर चालते. प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा होते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे आराखडेही आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या आधी, म्हणजे हिवाळ्यातच जुळवले जातात. गावातली सगळ्यात कष्टाची माणसं दुसऱ्याच्या शिवारात ऊस तोडत असताना त्यांच्या वाट्याच्या दवाखान्याचा, नर्सबाईचा आणि औषधांचा हिशेब घरी राहिलेली माणसं करतात.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी झाली. राज्य सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जिल्ह्यात पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहा जणींत एक. पाळीत काम बंद ठेवलं तर खाडा पडतो आणि मजुरी कापली जाते. फडावर ना संडास, ना न्हाणी, ना कपडा बदलायला आडोसा. अंगावरून जातंय म्हणून खासगी डॉक्टरकडं जावं, तर कॅन्सरची भीती घालून पिशवी काढून टाकायचा सल्ला मिळतो. पैसे नसले तर उचल वाढवून घ्यायची आणि पुढच्या हंगामात फेडायची. यातली प्रत्येक गोष्ट त्या बायकांना वर्षानुवर्षं ठाऊक होती. सरकारी व्यवस्थेला ती कळायला वर्तमानपत्रं लागली, कारण या बायकांना काही विचारलं जाईल अशी जागाच त्या व्यवस्थेत नव्हती. ती जागा कशी तयार करता येते, कुठं तयार झाली आणि कुठं नुसती कागदावर राहिली, हे इथं सांगायचं आहे.

आधी, आरोग्याचं नियोजन होतं कसं ते पाहू. त्याचा पाया लोकसंख्या हा आहे. सपाटीवर ५,००० लोकांमागं एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० होतात. देशभर काहीतरी समान माप लागतं, हे मान्य. पण या मापाला नदी दिसत नाही. पावसाळ्यात तुटणारा पाडा दिसत नाही, दिवसातून एकदाच येणारी एसटी दिसत नाही. सरदार सरोवराच्या फुगवट्यात सापडलेल्या नर्मदाकाठच्या गावांना रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेचा उपयोग नसतो, तिथं बोटीवरचा तरंगता दवाखाना लागतो. उपकेंद्राची इमारत गावाच्या ज्या टोकाला उभी राहते, त्या टोकाला कोण जाऊ शकतं आणि कोण जाताना बिचकतं, हेही नकाशावर उमटत नाही. ही माहिती असते फक्त तिथल्या माणसांकडं, आणि त्यातही ज्यांना दवाखाना लांब पडतो त्यांच्याकडं. ज्याच्या दारासमोर उपकेंद्र आहे, त्याला ते लांब आहे हे कधीच कळत नाही.

लोकांना नियोजनात घ्यावं हे म्हणणं नवं नाही. भोर समितीनं १९४६ सालीच गावोगावी पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी असं सुचवलं होतं. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथं जगभरातल्या देशांची परिषद झाली. आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत एकेकट्यानं आणि समूहानं सहभागी होणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे, असं तिच्या जाहीरनाम्याच्या चौथ्या कलमात नोंदलं गेलं. भारतानं तो जाहीरनामा स्वीकारला. तरी गावपातळीवरची आरोग्य समिती देशभर प्रत्यक्षात आली ती २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर. मधल्या सहा दशकांत हे काम जिथं झालं, ते मुख्यतः सरकारबाहेरच्या माणसांनी केलं, आणि त्यातलं फार महत्त्वाचं काम महाराष्ट्रात झालं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. नगर जिल्ह्याचा हा दुष्काळी कोपरा. तेव्हा तिथं जन्मणाऱ्या हजार मुलांमागं १७६ वर्षभराच्या आत दगावत होती. दोघांकडं परदेशातलं प्रशिक्षण होतं. लोकांना मात्र पाणी हवं होतं आणि खायला हवं होतं. बहात्तरच्या दुष्काळात तर दुसरं काही सुचण्यासारखंच नव्हतं. आरोळे दांपत्यानं औषधाची पेटी बाजूला ठेवली आणि अन्नपाण्याचं काम हाती घेतलं. विंधणविहिरी घ्यायच्या ठरल्या, तेव्हा पाण्याची जागा शोधणाऱ्याला त्यांनी दलित वस्तीच्या हद्दीत पाणी बघायला सांगितलं. हातपंप तिथंच बसले. दुष्काळात पाण्याला नाही म्हणता येत नाही. सवर्ण घरातल्या बायका घागरी घेऊन त्या वस्तीत आल्या आणि ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या.

आरोग्य नियोजनाबद्दल मला ठाऊक असलेल्या गोष्टींत या हातपंपाची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ‘गावाला विचारलं’ असं आपण सहज म्हणतो. पण गाव म्हणजे एक माणूस नव्हे. गावाला विचारलं तर उत्तर येतं ते पारावरून, चावडीवरून. हातपंप कुठं हवा असं त्या चावडीला विचारलं असतं, तर तो कुठं बसला असता हे सांगायला नको. म्हणून विचारताना कुणाला विचारायचं हे आधी ठरवावं लागतं. जामखेडच्या आरोग्यसेविकांची निवडही अशीच झाली. शहरातून आलेल्या शिकलेल्या नर्सबाई गावात रुळेनात, म्हणून गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच दलित होत्या, निरक्षर होत्या, काही टाकलेल्या होत्या. वेगवेगळ्या जातींच्या या बायका प्रशिक्षणाला एकत्र येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत, आणि परत गेल्यावर कुणाच्याही घरात बाळंतपणाला जात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये लोकांनीच उभ्या केलेल्या आरोग्यकामांवर जो ग्रंथ काढला, त्यात जामखेडचं प्रकरण आहे. अल्मा-आटामागं जे अनुभव होते, त्यांत हा एक होता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली ती १९८६ साली. आदिवासी सरकारी दवाखान्यात का येत नाहीत, असं त्यांनी लोकांनाच विचारलं. उत्तरं अशी आली: त्या मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. आजारी माणसाला आत ठेवून घरच्यांना बाहेर काढतात. आणि तिथं आमचा देव नाही. सर्चनं मग रुग्णालय बांधलं ते वेगवेगळ्या झोपड्यांचं. रुग्णाजवळ नातेवाईक राहू शकतील असं, आणि त्याला नाव दिलं माँ दंतेश्वरी दवाखाना. खाटा किती आणि डॉक्टर किती या हिशेबात यातलं एकही उत्तर बसलं नसतं. ‘आदिवासी अंधश्रद्धेमुळं दवाखान्यात येत नाहीत’ असा शेरा मारून कुणीतरी जनजागृतीची भित्तिपत्रकं छापली असती. दोष लोकांत आहे की दवाखान्याच्या रचनेत, हे आधीच ठरलेलं असलं की पुढचा सगळा पैसा चुकीच्या जागी जातो.

याच जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये बंग दांपत्यानं बायकांच्या आजारांचा अभ्यास केला. तो १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तोवर सरकारच्या लेखी गावातली बाई म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया. नोंदवह्यांतले रकाने तेवढेच होते. उरलेलं दुखणं कुठल्याच रकान्यात बसत नसल्यामुळं ते कुणाला दिसतही नव्हतं. बीडमधल्या पिशव्या तीस वर्षांनी मोजल्या गेल्या, त्या पार्श्वभूमीवर हा अभ्यास पुन्हा वाचण्यासारखा आहे.

ही कामं मोठ्या तळमळीच्या माणसांनी उभी केली. पण जिथं आरोळे नाहीत, बंग नाहीत, तिथं काय करायचं? सरकारी दवाखान्याच्या चौकटीत, बदलून येणाऱ्या-जाणाऱ्या डॉक्टरांसोबत, साध्या गावात हे होऊ शकतं का? या प्रश्नाला हात घालणारा प्रयोग महाराष्ट्रात २००७ साली सुरू झाला. नाव जरा लांबलचक: आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख आणि नियोजन. आरोग्य अभियानानं देशातल्या नऊ राज्यांत ही प्रक्रिया चाचणी म्हणून घेतली. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) हे पाच जिल्हे, त्यांतली २२५ गावं निवडली गेली. समन्वयाचं काम पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडं आलं आणि तालुक्या-तालुक्यांत आधीपासून आदिवासी, दलित, भूमिहीन यांच्यात काम करणाऱ्या संघटना त्यात उतरल्या. त्यामागं जन आरोग्य अभियान या लोकसंघटनांच्या व्यासपीठाचा अनुभव होता. या व्यासपीठानं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासोबत २००४ मध्ये आरोग्य हक्काच्या जनसुनवाया घेतल्या होत्या.

कामाची पद्धत अशी. पहिल्यांदा गावात बैठका घेऊन लोकांना हे सांगायचं, की सरकारनं तुम्हाला काय कबूल केलं आहे. नर्सबाईंनी महिन्याला कधी यायचं, गरोदर बाईच्या तपासण्या कोणत्या, केंद्रात कोणती औषधं फुकट मिळायची, बाळंतपणाला पैसे घ्यायचे नाहीत. ही पायरी साधी वाटते, पण तिच्याशिवाय पुढचं काही घडत नाही. आपल्याला काय मिळायला हवं हे ज्याला माहीत नाही, तो जे मिळालं त्याबद्दल उपकारच मानतो. दुसऱ्या पायरीवर गावातली समिती स्वतः माहिती गोळा करते. लसीकरण झालं का, डॉक्टर मुक्कामी असतात का, औषधं बाहेरून आणायला सांगतात का, कुणी पैसे मागतं का. प्रत्येक सेवेसमोर रंग भरला जातो: चांगली असेल तर हिरवा, मधली असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. अक्षर न येणाऱ्या बाईलाही भिंतीवरचा तो तक्ता बघून आपल्या उपकेंद्राची तब्येत कळते. आणि तिसरी पायरी जनसुनवाईची. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात किंवा तालुक्याच्या गावी मांडव पडतो. समोर तालुका आरोग्य अधिकारी, वैद्यकीय अधिकारी, पंचायत समितीचे सदस्य, बाहेरून बोलावलेले तटस्थ पाहुणे. लोक उभे राहून सांगतात, अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथं उत्तर द्यायचं आणि कधीपर्यंत काय होईल हे नोंदवायचं.

जनसुनवाईत पहिल्यांदा बोलायला उठणं सोपं नसतं. ज्या नर्सबाईबद्दल बोलायचं, तिच्याकडंच उद्या लेकरू घेऊन जायचं असतं. एकट्यादुकट्यानं तक्रार केली तर हीच भीती माणसाला गप्प करते. मांडवात मात्र तक्रार एकट्या बाईची राहत नाही, तक्त्यावरच्या लाल रंगाची होते. पाड्यावरच्या पंचवीस बायका त्या रंगामागं बसलेल्या असतात. डॉक्टरांच्या बाजूनंही हे समजून घ्यायला हवं. सुरुवातीच्या जनसुनवायांत वैद्यकीय अधिकाऱ्यांना आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटलं, आणि काही ठिकाणी वातावरण फार तापलं. नंतर बऱ्याच जणांच्या लक्षात आलं, की रिकामी पदं, न पोचलेली औषधं, गळकी इमारत हे आपण वरच्या कार्यालयाला पत्रामागून पत्र लिहूनही सुटत नाही, तेच जनसुनवाईत लोकांनी मांडलं की हलतं. रागाचा बराचसा भाग मग वरच्या पायरीकडं वळला, आणि तो तिकडंच जायला हवा होता.

काय बदललं? बंद असलेली उपकेंद्रं उघडली, औषधांच्या साठ्याचे फलक दर्शनी भागात लागले, बाहेरून औषध लिहून देणं कमी झालं, पैसे घेणं कित्येक ठिकाणी थांबलं. गावांनी भरलेल्या तक्त्यांवर पहिल्या फेरीत निम्म्याहून थोड्या कमी सेवांना हिरवा रंग होता, तिसऱ्या फेरीपर्यंत तो दोन तृतीयांशांच्या आसपास गेला. हा आकडा लोकांनी स्वतः भरलेल्या तक्त्यांचा आहे आणि त्याच काळात आरोग्य अभियानाचा पैसाही खेड्यांत येत होता. त्यामुळं सगळं श्रेय या प्रक्रियेला देता येणार नाही. पण पैसा येतो तेव्हाच तो कुठं मुरतो हे बघणारे डोळे लागतात.

देखरेख चांगली रुजली. नियोजन मात्र बराच काळ नावातच राहिलं. तक्रार करणं आणि आराखडा करणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. औषध नाही हे सांगायला अनुभव पुरतो. वर्षाला हाताशी अमुक रुपये आहेत, त्यातून काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे ठरवायला रुपये किती आहेत ते आधी कळावं लागतं. आणि तेच कुणी सांगत नव्हतं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या सुरुवातीच्या नियमांप्रमाणं प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला पावणेदोन लाख रुपये मिळत: रुग्ण कल्याण समितीचे एक लाख, देखभालीचे पन्नास हजार आणि अबंधित निधीचे पंचवीस हजार. गावाच्या समितीला दहा हजार. रुग्ण कल्याण समितीवर लोकप्रतिनिधी असतात, संस्थेचे लोक असतात, पण बैठक बहुतेकदा सह्यांपुरती व्हायची. पैसा मार्च महिन्यात घाईघाईनं खर्च व्हायचा, आणि तो कशावर व्हावा याचा विचार केंद्रातल्या खुर्चीत बसून केला की टेबल, पडदे, रंगरंगोटी हे आधी सुचतं.

साथी आणि सोबतच्या संघटनांनी काही केंद्रांत हा क्रम उलटा करून पाहिला. समितीच्या सदस्यांना निधीचे नियम, मागच्या वर्षीचा जमाखर्च, खर्चाची मर्यादा हे समजावलं. गावांच्या तक्त्यांवरचे लाल रंग पुढ्यात ठेवले आणि या पैशातून यातलं काय सुटू शकतं असं विचारलं. अशा वेळी लोक जे मागतात ते बघण्यासारखं असतं: बाळंतिणीसाठी आंघोळीला गरम पाणी, बायकांच्या संडासाला आतून कडी, नातेवाइकांना बसायला सावली, प्यायच्या पाण्याची टाकी, रात्रीच्या बाळंतपणासाठी दिव्याची सोय. मागण्या लहान आहेत, स्वस्त आहेत, आणि बाईनं बाळंतपणाला केंद्रात यायचं की नाही ते बहुधा यांवरच ठरतं. आदिवासी क्षेत्रात याला आणखी एक जोड मिळाली. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचा निर्णय घेतला. या अबंध निधीच्या मान्य खर्चात आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण येतं, आणि खर्च ठरवायचा ग्रामसभेनं.

हातात खरोखरच पैसा आल्यावर लोक काय ठरवतात, याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण केरळात आहे. तिथं १९९६ मध्ये लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या योजना खर्चातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा स्थानिक संस्थांकडं दिला गेला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं पंचायतींच्या हाताखाली आली. त्या सुमारास मलप्पुरम जिल्ह्यात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी अंथरुणाला खिळलेल्या, कॅन्सरनं वेदना सोसणाऱ्या माणसांची घरी जाऊन काळजी घ्यायचं जाळं विणलं. पुढं पंचायतींनी त्याला पैसा दिला, घरोघर जाणाऱ्या नर्स नेमल्या. २००८ मध्ये राज्यानं त्यासाठी वेगळं धोरणच केलं. बऱ्या न होणाऱ्या माणसाच्या वेदनेवर खर्च करा, असं कुठलीच आकडेवारी सांगत नाही. त्यानं मृत्युदर कमी होत नाही आणि उद्दिष्टंही पूर्ण होत नाहीत. ज्यांच्या शेजारी असं माणूस रात्रभर कण्हतं, त्यांनाच ते सुचलं.

बोलावलं की लोक येतील, असं मात्र नाही. झारखंड आणि ओडिशात ‘एकजुट’ या संस्थेनं आदिवासी बायकांच्या गटांबरोबर केलेलं काम या बाबतीत फार शिकवणारं आहे. महिन्याला एक बैठक, गावातलीच बाई ती चालवणार. पहिले काही महिने उपाय सांगायचाच नाही. चित्रं आणि गोष्टींतून आई आणि बाळाचे प्रश्न पुढं आणायचे, त्यांतले सर्वांत महत्त्वाचे कोणते ते बायकांनी ठरवायचं. मग उपाय त्यांनीच शोधायचे, सगळ्या गावाची सभा घेऊन त्यात मांडायचे, करून बघायचे आणि काय जमलं ते पुन्हा तपासायचं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांत अशा गटांच्या गावांमधले नवजात बालकांचे मृत्यू इतर गावांच्या तुलनेत ३२ टक्क्यांनी कमी होते. त्याहून महत्त्वाची मला वाटते ती नंतरच्या विश्लेषणातली नोंद. सर्वांत वंचित घरांमध्ये ही घट ५९ टक्के होती, तुलनेनं बऱ्या घरांमध्ये ३६. सरकारी योजनांचा फायदा सहसा आधी वरच्या घरांना होतो, खालच्यांना उशिरा. इथं उलटं झालं, कारण बैठक सगळ्यांना खुली होती, ती पाड्यावर भरत होती आणि तिथं वाचता येणं लागत नव्हतं.

याच्या दुसऱ्या बाजूला युगांडाचा अनुभव आहे. तिथं पन्नास आरोग्य केंद्रांच्या परिसरात लोकांना केंद्राच्या कामाचं प्रगतिपत्रक देऊन, केंद्रातल्या कर्मचाऱ्यांबरोबर त्यांच्या बैठका घडवून आणल्या गेल्या. वर्षभरात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं. नंतर हाच प्रयोग ३७६ केंद्रांवर करून पाहिला, तेव्हा उपचाराच्या दर्जात थोडी सुधारणा दिसली, पण केंद्रात येणाऱ्यांची संख्या वाढली नाही आणि मृत्यूही कमी झाले नाहीत. दोन-तीन बैठका घेऊन, पत्रक हातात देऊन निघून गेलं की सहभाग होतो असं मानणाऱ्यांनी हा निकाल जवळ ठेवावा. मांडवात पोटतिडकीनं बोललेल्या माणसाला सहा महिन्यांनीही काही हललेलं दिसलं नाही, तर तो पुढच्या वेळी येत नाही. आणि मग ‘लोकांनाच रस नाही’ असं अहवालात लिहिलं जातं.

ब्राझीलनं ही गोष्ट लोकांच्या उत्साहावर सोडली नाही, कायद्यात घातली. १९८८ च्या राज्यघटनेनं आरोग्य हा हक्क मानला आणि १९९० च्या कायद्यानं नगरपालिका, राज्य आणि देश अशा तिन्ही पातळ्यांवर आरोग्य परिषदा बंधनकारक केल्या. त्यांत निम्म्या जागा सेवा घेणाऱ्या लोकांच्या. आरोग्याचा आराखडा आणि जमाखर्च या परिषदेपुढं ठेवावा लागतो आणि परिषद नसेल तर केंद्राकडून येणारा आरोग्याचा पैसा अडतो. तिथंही परिषदा काही ठिकाणी महापौरांच्या मर्जीतल्या माणसांनी भरतात, आणि सगळ्यांत गरीब माणूस तिथवर पोचतोच असं नाही. तरीही लोकांशिवाय पैसा नाही हा नियम मोठा आहे. आपल्याकडं ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बायका असाव्यात, वंचित वस्त्यांचे प्रतिनिधी असावेत, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. पण आपण या समितीचे सदस्य आहोत हे सदस्यालाच माहीत नाही, अशी गावं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

शहरांबद्दल थोडं. शहरी आरोग्य अभियानात झोपडवस्तीतल्या पन्नास ते शंभर घरांमागं दहा-बारा बायकांची महिला आरोग्य समिती आणि वर्षाला पाच हजार रुपये, अशी तरतूद आहे. वस्तीतला पहिला प्रश्न असतो तो वेळेचा. धुणीभांडी करणारी, बांधकामावर जाणारी बाई सकाळी निघते ती संध्याकाळी परतते. दवाखाना दुपारी बंद होत असेल तर तिच्यासाठी तो नाहीच. मुंबईत २०२२ पासून सुरू झालेले ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत उघडे राहू लागले, यातून हा प्रश्न किती जुना होता ते कळतं. वेळ बदलायला विशेष पैसा लागत नाही, विचारावं लागतं.

आणि विचारण्याच्या कामालाही खर्च असतो, ही गोष्ट आपल्याकडं कुणी धडपणे मान्य करत नाही. रोजंदारीवरच्या बाईनं दिवसभराच्या बैठकीला यायचं तर तिची मजुरी बुडते. वैद्यकीय अधिकाऱ्याला बैठकीचा भत्ता मिळतो, तिला चहा-बिस्किटं. पाड्यापाड्यांवर फिरून लोकांना जमवणारा, तक्ते भरून घेणारा, जनसुनवाईनंतर कुठल्या आश्वासनाचं काय झालं याचा पाठपुरावा करणारा कार्यकर्ता पूर्ण वेळ लागतो, आणि त्याला मानधन लागतं. महाराष्ट्रातल्या या प्रक्रियेचा जीव तोच होता. औषधखरेदी आणि इमारती यांच्यापुढं ही रक्कम अगदी किरकोळ, पण अंदाजपत्रकात कात्री लागते ती आधी इथंच. निधी उशिरा आला की कार्यकर्ता दुसरं काम धरतो आणि तक्ता जुन्या रंगांसकट भिंतीवर राहतो.

बीडपुरतं बोलायचं तर करण्यासारखं बरंच काही आत्ताही शक्य आहे. ऊसतोडीच्या गावांत आरोग्याच्या आराखड्याची ग्रामसभा मे-जूनमध्ये, सगळे घरी असताना घेता येते आणि तिच्याआधी बायकांची वेगळी महिला सभा भरवता येते. हिवाळ्यात आराखडा जुळवताना तिचं इतिवृत्त तालुक्यानं पुढ्यात घ्यायचं. कारखान्याच्या गट कार्यालयाजवळ हंगामापुरता दवाखाना कुठं आणि किती वाजता हवा, संडास आणि न्हाणी फडापासून किती अंतरावर चालेल, गरोदर बाईचं कार्ड एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेल्यावर कुणी बघायचं, हे प्रश्न त्या सभेत निघतील. तिच्या इतिवृत्तावर सही करायला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांनी एकाच दिवशी यावं.